अर्ध्या वॉटचा माणूस

आमच्या शाळेत त्या काळी दोन आवाज होते. एक मुख्याध्यापकांचा. तो चिंचवड स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीतल्या उतारूंनाही ऐकू जात असावा, अशी आमची समजूत होती. दुसरा शास्त्राच्या सरांचा. तो पहिल्या बाकावरच्या मुलालाही धड ऐकू जात नसे. शाळेचा कारभार अर्थातच पहिल्या आवाजावर चालायचा. मी तिथे मराठी शिकवत असे, मधल्या आवाजात, आणि कोणाच्याही लक्षात राहणार नाही अशा बेताने.

शास्त्राच्या सरांना काही घशाचा विकार नव्हता. ते मुद्दाम हळू बोलत. मी नवा होतो तेव्हा एकदा त्यांना म्हटलं, "सर, जरा मोठ्याने बोललात तर मुलांना बरं पडेल."

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. म्हणाले, "मोठ्याने बोलणं हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे. त्याला कान आहेत यावर आपला विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं. कानांवरचा त्यांचा विश्वास बहुधा तेव्हाच जरा कमी झाला असावा.

त्यांच्या तासाला वर्गात टाचणी पडली तर ऐकू येई. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, काय ही शिस्त. प्रत्यक्षात अर्धी मुलं सर काय म्हणताहेत ते ऐकायची पराकाष्ठा करत असत आणि उरलेल्या अर्ध्यांना झोप लागलेली असे. मुख्याध्यापकांनी मात्र या शांततेचं श्रेय आपल्या छडीला देऊन टाकलं होतं.

या सरांना बिनतारीचा नाद होता. दिल्लीहून रीतसर परीक्षा देऊन, सरकारचा परवाना मिळवून ते घरातून आकाशात संदेश सोडत. सरकारने त्यांना अक्षरं आणि आकडा मिळून एक नाव दिलं होतं. आई-वडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा त्यांना तेच जवळचं वाटे, आणि कोणी अनोळखी माणसाने नाव विचारलं तर ते पटकन तेच सांगत. समोरच्याला वाटे, हा गृहस्थ मोटारीचा नंबर का सांगतोय.

त्यांचं यंत्र म्हणजे पाटाएवढी फळी. तिच्यावर एक व्हॉल्व्ह, तारेची दोन वेटोळी, आणि लढाईनंतर देहूरोडच्या भंगारबाजारात चार आण्यांना मिळालेला, यंत्राची लहर ठरवणारा एक स्फटिक. शेजारी संदेश ठोकायचा पितळी खटका, जुन्या कुलपातून काढलेला. या सगळ्यातून आकाशात जाणारी शक्ती अर्धा वॉट. हातातल्या टॉर्चच्या दिव्यालासुद्धा जास्त लागते, हे ते अभिमानाने सांगत.

"शंभर-शंभर वॉट लावून विलायतेशी बोलणारे लोक आहेत," ते म्हणाले होते. "त्यात काय विशेष आहे? मी अर्ध्या वॉटमध्ये तळेगावशी बोलतो."

"तळेगावला कोण ऐकतं?"

"अजून कोणी नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण तो दोष तळेगावचा आहे."

एकदा मात्र पुण्याच्या कोणा परवानाधारकाने त्यांचा संदेश ऐकला आणि तसं कळवलं. आमच्यासारख्याने पेढे वाटले असते. सरांनी त्याच दिवशी यंत्राची शक्ती निम्मी केली. अर्ध्या वॉटमध्ये ऐकू जातं हे सिद्ध झालं होतं, मग आता पाव वॉटमध्ये पाहायला नको का? त्यानंतर कित्येक महिने त्यांना पुन्हा कोणी ऐकलं नाही आणि ते अत्यंत समाधानात होते. शेवटी कधीतरी स्वारी परत अर्ध्यावर आली.

सरांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, परभणीकडच्या. आवाज खणखणीत, मन मोकळं. घराच्या पत्र्यावरून समोरच्या कडुलिंबापर्यंत सरांनी तांब्याची तार ताणली होती. वहिनी तिच्यावर लुगडी वाळत घालत. सरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट ओलं लुगडं पूर्वेच्या टोकाला असलं की नगरकडचं जास्त स्वच्छ ऐकू येतं, असा त्यांनी सिद्धांत मांडला होता, आणि त्याची खातरजमा करण्यासाठी ते कधी कधी वाळलेलं लुगडंही पुन्हा भिजवून घालायला सांगत.

"यांच्या वाट्याचा आवाज बी देवानं मलाच दिला, मास्तर," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "एक दिवस हे यंत्रात काईच न घालता बोलतील अन् मला इचारतील, ऐकू आलं का."

त्यांची एकच मागणी होती. सर शाळेत कायम व्हावेत. सरांकडे शिक्षकाची पदवी नव्हती, त्यामुळे दर जूनला नेमणूक नव्याने होई. ती मुख्याध्यापकांच्या मर्जीने होई, आणि दर एप्रिलमध्ये वहिनी मुख्याध्यापकांच्या घरी शेंगदाण्याची चटणी पोचवत. पुढच्या वर्षी शिक्षणखात्याच्या साहेबांनी शिफारस केली तर सर कायम होणार होते. दोन खोल्यांची जागाही वहिनींनी हेरून ठेवली होती.

त्या वर्षीच्या मेमध्ये शाळेचं शिबिर भरायचं होतं. दुसऱ्या कुठल्याशा शाळेच्या शिबिरात मुलांना बंदूक चालवायला शिकवल्याची बातमी छापून आली होती. तेव्हापासून मुख्याध्यापकांना चैन पडत नव्हतं. आमच्याकडे बंदूक नव्हती. होता एक बिनतारीवाला, आणि तोही फुकटचा. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या सभेत जाहीर केलं, "आपल्या शिबिरात विज्ञान. शिबिर ते चाकण, बिनतारी संदेश. विद्यार्थ्यांच्या हस्ते. साहेबांच्या उपस्थितीत." मग सरांकडे वळून विचारलं, "जमेल ना?"

सर काहीतरी म्हणाले. मुख्याध्यापकांनी ते 'हो' आहे असं ठरवलं. मी शेजारी बसलो होतो म्हणून सांगतो, सर म्हणाले होते, "प्रयोग करून पाहता येईल." या दोन्हींत फरक आहे हे मुख्याध्यापकांच्या कधीच लक्षात आलं नाही.

शिबिर तळवड्याला, इंद्रायणीकाठच्या आमराईत. सकाळी कवायत, मग श्रमदानाचा रस्ता. तो दरवर्षी आम्ही बांधत असू आणि दरवर्षी पावसाळ्यात नदी परत नेत असे. दुपारी बौद्धिक, आणि त्यानंतर सरांचा बिनतारीचा वर्ग. माझ्याकडे शिस्त आणि आंघोळी हे खातं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी दोन आंब्यांच्या झाडांमध्ये तार ताणली. दुसऱ्या दिवशी गावचे पाटील चार माणसं घेऊन दाखल झाले. त्यांना बिनतारीशी काही देणंघेणं नव्हतं. पिंपरीकडे औषधांच्या कारखान्यासाठी जमिनी गेल्या होत्या, आणि तिकडेही सगळं असंच सुरू झालं होतं. आधी खाकी पँटीतली माणसं, मग तार, मग मोजणी.

"मास्तर, खरं सांगा," पाटील म्हणाले. "किती एकर जाणार हायेत?"

"आम्हाला जमीन नको," सर म्हणाले. "आम्ही फक्त हवा वापरतो."

पाटलांना दोनदा विचारल्यावर हे ऐकू गेलं. "म्हंजी आता हवा बी घेत्यात व्हय," ते बरोबरच्या माणसांना म्हणाले, आणि गेले. त्या दिवसापासून गावातून येणारं दूध पातळ यायला लागलं.

मुलांना हा वर्ग आवडे. कारण उघड होतं. त्यात ओरडणं नव्हतं, धावणं नव्हतं आणि कुदळ नव्हती. सरांनी त्यांना टिंब आणि रेघ शिकवली. टिंब म्हणजे छोटा ठोका, रेघ म्हणजे लांब, आणि त्यांच्या जोड्यांनी इंग्रजी अक्षरं. या अक्षरांत मराठी वाक्यं लिहायची. आठवड्याभरात मुलं जेवताना वाटीवर चमच्याने एकमेकांना शिव्या देऊ लागली. मुख्याध्यापक कौतुकाने बघत. त्यांना वाटे, मुलं ताल धरताहेत.

सगळ्यांत तरबेज निघाला चिखलीचा दत्तू. शेतकऱ्याचा पोरगा, अकरावीला दुसऱ्यांदा बसलेला, इंग्रजीत कायम नापास. पण ही इंग्रजी अक्षरं कानाने यायची आणि त्यांना स्पेलिंग नव्हतं, म्हणून त्याला ती मानवली. चाकणला जाऊन ऐकायचं काम सरांनी त्याच्यावर आणि आणखी तिघांवर सोपवलं. चाकणच्या पडक्या किल्ल्यावर तार बांधायची, ऐकण्याचं यंत्र लावायचं, कानाला हेडफोन लावून बसायचं, ऐकू येईल ते पाटीवर लिहायचं आणि सायकलवरून परत यायचं. चाकणहून परत उत्तर पाठवायची सोय नव्हती. तेवढी यंत्रं कोणाकडे होती?

साहेब आले त्या दिवशी आमराई झाडून, सडा घालून तयार होती. मुख्याध्यापकांनी पत्र्याचा कर्णा आणला होता, आणि त्यांच्या आवाजाला कर्णा म्हणजे दुधात साखर नसून पुरात पाऊस होता. चाकणची चार मुलं पहाटेच रवाना झाली होती. साहेब जीपमधून उतरले, हार घालून घेतला आणि यंत्रापुढच्या खुर्चीत बसले.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि खटका ठोकायला सुरुवात केली. टक, टक्-टक. दहा मिनिटं. साहेबांनी पहिलं मिनिट कौतुकाने पाहिलं आणि उरलेली नऊ आमरसाच्या पातेल्याकडे. मी सरांच्या शेजारी, पंख्याने वारा घालत होतो. ठोकणं संपवून सर माझ्याकडे झुकले.

"दिवा लागला नाही," ते म्हणाले.

तारेच्या तोंडाशी त्यांनी टॉर्चचा एक बारीक दिवा लावलेला असे. शक्ती तारेत जात असेल तर तो मिणमिणायचा. तो लागला नव्हता.

"म्हणजे?"

"स्फटिक बंद पडलाय. काहीच गेलं नाही."

"मग आता?"

"मुलं येऊन सांगतील ना, काही आलं नाही म्हणून. मग मी कारण सांगेन. हाही एक निष्कर्षच आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं चिन्ह नव्हतं. उलट मुलांची परीक्षा आपोआप होणार याचा थोडा आनंदच दिसत होता.

जेवण झालं. साहेब आंब्याखाली आडवे झाले. त्यांचा डोळा लागून उघडतो न उघडतो तोच सायकली आल्या. चौघंही घामाने निथळत होते. मुख्याध्यापकांनी कर्णा उचलला. "विद्यार्थी दत्तात्रय, सांग. चाकणला काय संदेश मिळाला?"

दत्तूने सरांकडे पाहिलं नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला, "संदेश मिळाला, साहेबांचे हार्दिक स्वागत असो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब उठून बसले, धोतर सावरलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. आकाशातून, तार नसताना, आपलंच स्वागत. कोणाचा उजळणार नाही? ते म्हणाले, "वा. हे आम्ही वर कळवू. तुमच्या या शिक्षकांबद्दलही खास लिहू."

वहिनींच्या दोन खोल्या त्या क्षणी तयार होत्या. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात सरांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

सर उभे राहिले. म्हणाले, "एक दुरुस्ती आहे."

"काय म्हणतात?" साहेबांनी मुख्याध्यापकांना विचारलं.

"आभार मानताहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

"संदेश पोचलेला नाही," सर म्हणाले.

"काय?"

"आपण आलात, हे भाग्य, असं म्हणताहेत."

"संदेश पोचला नाही, कारण तो निघालाच नव्हता."

"अं?"

"भारावून गेलेत," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी कर्ण्यातून मुलांना पुन्हा टाळ्या वाजवायला सांगितलं.

मी जवळ होतो. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. नाहीतर बसेल. दोन्ही सोयीचं होतं. सर काहीच करेनात. ते फक्त उभे राहिले, हात मागे बांधून, टाळ्या संपायची वाट बघत. टाळ्या संपल्या, तरी उभेच. मग मुलांमध्ये कुजबुज झाली, तीही थांबली. आचारी भांडी घासत होता, त्याने हात थांबवला. साहेबांनी मुख्याध्यापकांना हाताने गप्प केलं आणि कान पुढे केला.

तेव्हा सरांनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं. या वेळी ते शेवटच्या रांगेतल्या मुलापर्यंत गेलं.

"मग मुलांनी ऐकलं काय?" साहेबांनी विचारलं.

"ते मुलांना विचारता येईल," सर म्हणाले. "पण आत्ता नको. उन्हातून आलीत. पाणी पिऊ दे त्यांना."

साहेब रागावले. ते स्वाभाविक होतं. फसवलं गेल्याचा राग माणूस गिळतो, पण फसवणूक चारचौघांत परत घेतल्याचा राग गिळणं अवघड. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'बिनतारी प्रयोग अयशस्वी.' शिक्षकाबद्दल काही लिहिलं नाही. जीप धूळ उडवत गेली. मुख्याध्यापकांनी सरांना बाजूला नेऊन जे सांगितलं ते नदीपलीकडच्या गुराख्यांनाही कळलं. जूनपासून यायचं नव्हतं.

संध्याकाळी दत्तू सरांच्या तंबूशी येऊन उभा राहिला. मी आत होतो.

"सर, दोन तास कान लावून बसलो व्हतो आमी," तो म्हणाला. "नुसतं मुंबईचं गाणं येत व्हतं. काय बोलायचं ते मोठ्या सरांनी सकाळीच सांगितलं व्हतं. आमाला वाटलं, तुमचं भलं व्हईल."

सर स्फटिकाचा डबा उघडून आतला चकचकीत तुकडा स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होते. "गाणं स्वच्छ येत होतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"म्हणजे तुमचं यंत्र चांगलं होतं. हे सांगायला हवं होतंस. मला तेवढंच हवं होतं."

दत्तू रडायच्या बेतात होता. सरांनी त्याला स्फटिकाच्या झाकणाचे स्क्रू धरायला दिले. मला वाटतं, ती त्यांची शिक्षा किंवा क्षमा, दोन्हींपैकी काहीतरी असावं. कमी शक्तीत असल्यामुळे नीट कळलं नाही.

शिबिराचे दोन दिवस उरले होते. सर प्रयोग पुन्हा करणार होते. कशासाठी, ते मला कळेना. साहेब गेले होते, शेरा लिहून झाला होता, नोकरी गेली होती. मी तसं बोलून दाखवलं.

"पण तो अजून झालेला नाही," सर म्हणाले, जणू काही मी जेवणाबद्दल विचारलं होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "काय खेळायचं ते खेळा," आणि चार मुलांबरोबर एक जबाबदार माणूस हवा म्हणून मला पाठवलं. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी मी मोशीच्या पुलावरून चाकणची वाट धरली. सायकलीच्या मागे तारेचं वेटोळं, आणि डोक्यात सरांबद्दलचे सगळे निवडक शब्द. मराठीच्या शिक्षकाकडे त्यांचा साठा बरा असतो.

किल्ल्याच्या ढासळत्या तटावर मुलांनी तार बांधली. दत्तूने हेडफोन लावले आणि बटण फिरवत बसला. बराच वेळ गेला. ऊन चढलं. मुलं पालथी पडून कांद्याच्या गाड्या मोजत होती. दत्तूने एकाएकी हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. त्याने एक फोन कानापासून काढून माझ्या कानाला लावला.

आधी नुसती खरखर. तिच्याखाली कुठेतरी गाणं. आणि गाण्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक बारीक शिट्टी तुटत तुटत चालली होती. टि, टी, टि-टि. रांजणाखाली सापडलेल्या रातकिड्यासारखी. मी सरांची चेष्टा करायला खूप शब्द घेऊन आलो होतो. त्यांतला एकही त्या वेळी आठवला नाही. तळवड्याच्या आमराईत एक माणूस फळीपुढे बसून बोट हलवत होता आणि ते बोट मला इथे ऐकू येत होतं. मी फोन घाईघाईने पुढच्या मुलाला दिला; तो तिघांच्या कानांवरून फिरून दत्तूकडे परत गेला. त्याच्या हातातली पेन्सिल पाटीवर चालूच होती.

परत येताना मुलांनी सायकली दामटल्या. दत्तूने पाटी सदऱ्याच्या आत, बनियनवर धरली होती.

सर तारेखाली उभे होते. आम्ही उतरताच त्यांनी 'मिळाला का?' असं विचारलं नाही. म्हणाले, "वाच."

दत्तूने पाटी काढली. "आधी 'आमटी' आलं, सर. मग दोन अक्षरं गेली. मग 'णी आहे'. मग जरा वेळ नुसतं गाणं. मग 'मीठ'. आन् त्याच्या फुडं..." तो थांबला.

"पुढे?"

दत्तू पाटीकडे बघत राहिला. मागे तिघं उभे होते. त्यांच्यापैकी कोणीही काहीही सांगू शकला असता. मीठ कुठे असतं? बरणीत असतं.

"फुडचं आलं न्हाई, सर," दत्तू म्हणाला.

"हे पुसलं गेलंय घामाने, की आलंच नाही?"

"आलंच न्हाई."

सर खाली बसले, तिथेच मातीत. मग मला संदेश कळला. सकाळी मुलं निघाल्यावर सरांनी तारेच्या जमिनीकडच्या टोकासाठी खड्डा खणला होता. ओल धरून राहावी आणि शक्ती वाया जाऊ नये म्हणून त्यात पाणी आणि मीठ ओतलं होतं. मीठ म्हणजे शिबिराचं होतं नव्हतं ते सगळं, आचाऱ्याला न विचारता. आणि मग बसून पाठवलं होतं, 'आमटी अळणी आहे, मीठ खड्ड्यात आहे.' जगात कोणालाही अंदाजाने सांगता येणार नाही असं वाक्य त्यांनी मुद्दाम निवडलं होतं, आणि तेही खरं.

"मधलं गेलं ते बरं झालं," सर म्हणाले. "सगळं आलं असतं तर मला शंका आली असती." त्यांनी दत्तूच्या हातातून पाटी घेतली आणि मोकळ्या जागांवरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं मी म्हणणार नाही, ऊन फार होतं.

आचारी रत्नागिरीचा होता. त्याने तोवर रिकामी बरणी शोधून काढली होती. "मास्तरांनू, जमिनीक मीठ घालतास, आनी माणसांनी काय खावचां?" एवढंच तो म्हणाला आणि अळणी आमटीचं पातेलं आमच्यापुढे आणून आदळलं. ती सगळ्यांनी खाल्ली. मुख्याध्यापकांनी सोडून.

मी त्यांच्याकडे गेलो होतो. सांगितलं, प्रयोग यशस्वी झाला, साहेबांना कळवायला हवं. ते बिछाना बांधत होते. म्हणाले, "पहिल्यांदा यशस्वी झाला तेव्हा हे म्हणाले अयशस्वी. आता अयशस्वी लिहून झालंय तर म्हणे यशस्वी. खात्यात अशी खाडाखोड चालत नाही." सरकारदरबारी तो प्रयोग आजही फसलेला आहे.

जूनमध्ये सर आले नाहीत. वहिनी मात्र एकदा मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या होत्या, चटणीचा डबा परत मागायला. त्या वेळी त्या काय बोलल्या ते सबंध गल्लीने ऐकलं आणि वर्षभर जपून ठेवलं.

पुढे पाच-सात वर्षांनी पिंपरीत, निर्वासितांच्या बाजारपेठेत मला सर दिसले. एका सिंधी शेटजींच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत होते. गल्ल्यावर वहिनी. दुकान बरं चालत होतं. गिऱ्हाइकांची एकच तक्रार असे, की दुरुस्त झालेला रेडिओ पूर्वीपेक्षा हळू वाजतो. वहिनी त्यांना अशा आवाजात समजावत की तक्रार तिथेच मिटे.

मला पाहून सरांनी स्टूल पुढे केलं आणि चहा मागवला. समोर एक कारखान्यातला तरुण फिटर बसला होता. त्याला सर चाकणची गोष्ट सांगत होते आणि तो ती थोडी हसत ऐकत होता. "पाच जणांनी ऐकलं," सर त्याला म्हणाले. "चार मुलं आणि हे. विचारा यांना."

फिटरने माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी स्वतः ऐकलं." आयुष्यात शास्त्राची सेवा केल्याचा माझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता. मी तो अनेक लग्नांच्या पंगतींत सांगितलेला होता.

"काय ऐकलंत?" सरांनी विचारलं.

"टिकटिक. बारीक शिट्टी."

"अक्षरं कोणती?"

"ती मला कुठे येतात?"

सरांनी हातातला पाना खाली ठेवला. मग फिटरकडे वळून म्हणाले, "मग चारच. पाचवे वाजलेलं ऐकत होते, संदेश नाही."

इतक्या वर्षांचा माझा पराक्रम चहाच्या दोन घोटांमध्ये रद्द झाला. फिटर तेवढ्यानेच गंभीर झाला. मघापर्यंत त्याला गोष्ट थाप वाटत होती. मी तोंड फिरवून बाजार बघत बसलो. राग आला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

फिटर उठून गेल्यावर सरांनी आपलं स्टूल माझ्याजवळ ओढलं. चहाचा चमचा माझ्या हातात दिला.

"एक टिंब म्हणजे ई," ते म्हणाले. "सगळ्यात कमी खर्चाचं अक्षर. एकच ठोका. पाठवा."

"इथे? बाजारात?"

"पाठवा."

बाहेर टांगे चालले होते, भाजीवाले ओरडत होते, आणि वहिनी कोणाशी तरी व्हॉल्व्हच्या किमतीवरून बोलत होत्या. मी कपाच्या काठावर चमच्याने एकदा ठोकलं. फार हळू. मलाच ते ऐकू आलं नाही.

सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"आलं," ते म्हणाले. "पुढचं पाठवा."